तेल की हवा? बुटक्या गाड्यांची गोष्ट



आमच्या चिरंजीवांनी पहिल्या नोकरीच्या शिलकीतून एक जुनी शेव्हरोले घ्यायचे ठरवले आणि घरात प्रश्न टाकला, "बाबा, गाडी खाली बसवायची आहे. हायड्रॉलिक घालू की एअर?" मी लगेच म्हणालो, "असल्या गाड्या आपल्या लोकांच्या नसतात." तो शांतपणे म्हणाला, "असल्या म्हणजे कसल्या?" मला उत्तर देता येईना. वीस वर्षे लॉस एंजेलिसमध्ये राहून या गाड्या मी फक्त काच वर करून पाहिल्या होत्या. मग थोडे वाचले, थोडे विचारले. ते आपल्यापुढे ठेवतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व लॉस एंजेलिसमधल्या मेक्सिकन वंशाच्या तरुणांच्या हाती थोडा पैसा खेळू लागला. नवी गाडी परवडत नसे. म्हणून जुनी घ्यायची आणि हौसेने नटवायची. बाकीच्या पोरांना गाडी पळवण्याचा नाद, तर यांना ती सावकाश मिरवण्याचा. व्हिटियर बुलेव्हारवर संध्याकाळी जणू गाड्यांची मिरवणूकच निघे. गाडी जमिनीलगत दिसावी म्हणून डिकीत वाळूची पोती ठेवत, नाहीतर स्प्रिंगा कापत. यालाच लोरायडर म्हणतात.

१९५८ साली कॅलिफोर्नियात नियम लागू झाला (व्हेईकल कोडचे कलम २४००८): गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली नको. कापलेली स्प्रिंग काही पुन्हा वाढत नाही. पोलीस दिसला की दंड ठरलेला.

यातून वाट काढली सॅन बर्नार्डिनोच्या रॉन अगिरे या तरुणाने. १९५९ च्या सुमारास वडिलांच्या मदतीने त्याने आपल्या कॉर्व्हेटला विमानांच्या जुन्या सामानातले हायड्रॉलिक पंप आणि सिलिंडर बसवले. बटण दाबले की गाडी वर आणि कायदेशीर. पोलीस पुढे गेला की पुन्हा खाली! आज गाडी उड्या मारताना पाहून आपण हसतो, पण त्या पंपाचा जन्म दंडाची पावती चुकवण्यासाठी झाला.

मग तेव्हा हवा का नाही वापरली? हवेची युक्ती तर जुनीच होती. फायरस्टोन कंपनीने रबरी हवास्प्रिंगांवर १९३० च्या दशकात काम सुरू केले होते. १९५३ पासून जनरल मोटर्सच्या ग्रेहाउंड बसगाड्या हवेवर चालू लागल्या. आपल्यातले जे जुने लोक नवखे असताना ग्रेहाउंडने हिंडले, त्यांना एस.टी.च्या पाट्यांचे धक्के आठवून हा फरक नक्की जाणवला असेल. १९५७ ची कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोहॅम हवेवरच आली आणि १९५८ मध्ये शेव्हरोलेतही जादा पैसे भरून ही सोय मिळू लागली. पण हवा गळे, गाडी बसून राही. वैतागून अनेक मालकांनी साध्या स्प्रिंगा घातल्या आणि काही वर्षांतच कंपनीने नाद सोडला. लोरायडरवाल्यांना भरवशाचे काही हवे होते तेव्हा हवेचे नाव असे खराब झालेले होते. पुढे रबर आणि व्हॉल्व्ह सुधारले आणि १९९० च्या दशकात हौशी लोक पुन्हा हवेकडे वळले.

आता निवडीचा मुद्दा. तेल दाबले जात नाही, म्हणून हायड्रॉलिक झटक्यात काम करते. गाडी नाचवायची, एक चाक उचलायचे, तर तेच हवे. पण डिकी पंप आणि बॅटऱ्यांनी भरते, चेसिसला जोड देऊन मजबुती आणावी लागते आणि गाडी कडक चालते. हवेत कॉम्प्रेसर, टाकी आणि रबरी पिशव्या. चाल मऊ, वजन कमी, पण उडी नाही. शिवाय टाकीतले पाणी काढायचे आणि गळती बघायची. दोन्हींत एक गोष्ट कायम: नुसत्या तेलावर किंवा हवेवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये, खाली पक्के स्टँड लावावेत.

या गाड्यांवर "गुंडांच्या" असा शिक्का बसला. १९८२ च्या कायद्याने शहरांना रस्त्यावर गाड्या मिरवण्यास बंदी घालण्याची मुभा मिळाली. त्याच वेळी त्यांची कलाही वाढत होती. गुलाबांनी रंगवलेली १९६४ ची इम्पाला "जिप्सी रोज" २०१७ साली वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर काचेच्या पेटीत मांडली गेली. अखेर २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा बदलला आणि १ जानेवारी २०२४ पासून मिरवण्यावरच्या शहरी बंद्या आणि तो उंचीचा नियम, दोन्ही गेले.

चिरंजीवांनी हवा निवडली, कारण रोज त्याच गाडीने कामावर जायचे आणि आजीला डॉक्टरकडेही न्यायचे. आमच्या गल्लीतल्या एका मेक्सिकन आजोबांच्या गॅरेजमध्ये दर रविवारी काम चालू असते. आजोबा स्वतः तेलवाले, त्यामुळे वाद रंगतो. मीही जातो, पाने-स्क्रू हातात देतो. बापलेकांनी मिळून गाडी घडवायची, सणाला धुऊन पुसून मिरवायची, परक्या देशात आपण आहोत हे दाखवायचे. "असल्या म्हणजे कसल्या" याचे उत्तर मला तिथे मिळाले आणि त्या दिवशीचे माझे वाक्य मी मुलाजवळ मागे घेतले.