शून्य बाइटचा प्रोग्रॅम

आज थेट प्रश्नच विचारतो. नीट चालणारा सगळ्यात छोटा प्रोग्रॅम केवढा असेल?

१९७९ साली बेल लॅब्जमधून युनिक्सची सातवी आवृत्ती बाहेर पडली. त्यात 'ट्रू' नावाची कमांड होती. तिचं काम एवढंच, की ‘झालं बाबा, यशस्वी’ असं सांगायचं, म्हणजे शून्य हा आकडा परत द्यायचा. (युनिक्समध्ये शून्य म्हणजे पास. आपल्या मार्कशीटच्या उलट!) स्क्रिप्टमध्ये न थांबणारं लूप लिहायला ती कामी यायची. आणि ती फाइल होती चक्क रिकामी. कर्नल ती चालवायला जायचा, ओळखीचं काही सापडायचं नाही, म्हणून नकार द्यायचा. मग शेल म्हणायचं, बरं, स्क्रिप्ट असेल. वाचायला घेतली तर आत ओळच नाही. चूक कुठेच नाही, म्हणून उत्तर शून्य.

पुढे एटी अँड टीने याच फाइलमध्ये १९८४ सालची कॉपीराइटची सूचना टाकली. काहीच न करणाऱ्या कोडवर मालकी हक्क! मला वकिलांचं कौतुकच वाटतं.

पण खरं सांगायचं तर हे चीटिंग झालं ना? काम शेलनेच केलं. शेल बाजूला ठेवून, कर्नल स्वतः उचलेल अशी फाइल किती लहान होईल?

याचा छडा ब्रायन रायटर यांनी ३२ बिटच्या इंटेल लिनक्सवर लावला. फक्त ४२ हा आकडा परत देणारा त्यांचा सी प्रोग्रॅम कंपाइल झाल्यावर जवळपास चार हजार बाइट्सचा झाला. खरा कोड हाताने लिहिला, तर फक्त ७ बाइट्स! वर ५२ बाइट्सचं मुख्य हेडर आणि ३२ बाइट्सचं प्रोग्रॅम हेडर, एकूण ९१. मग त्यांनी बघितलं, की हेडरमधले कितीतरी रकाने कर्नल वाचतच नाही. कोड त्या रकान्यांत घुसवला, दोन्ही हेडर एकमेकांवर चढवले. उरले ४५ बाइट्स. ४४ का नाही? प्रोग्रॅम हेडर किती आहेत, तो ‘१’ नेमका पंचेचाळिसाव्या बाइटमध्ये असतो. त्यापुढचे सात शून्यच होते, फाइल संपली की कर्नल तिथे शून्यच धरतो.

तुमच्या फोनवर टर्मक्स असेल तर करून बघा. ही ४५ बाइट्सची फाइल बहुतेक चालणार नाही, कारण फोनमध्ये सहसा एआरएम प्रोसेसर असतो आणि त्याला इंटेलची भाषा कळत नाही. रिकामी फाइल बनवा, चालवायची परवानगी द्या. ती चालेल.