गंजीपासून छापखान्यापर्यंत

कर्नल एफ्रेम विल्यम्सला कॉलेज काढायचं नव्हतं. 1755 मध्ये फ्रेंचांविरुद्धच्या मोहिमेवर जाताना वाटेत त्याने मृत्युपत्र केलं आणि सप्टेंबरात लेक जॉर्जपाशी तो मारला गेला. मागे राहिलेल्या पैशातून मॅसॅच्युसेट्सच्या वायव्य कोपऱ्यातल्या सरहद्दीवरच्या वसाहतीत मोफत शाळा काढावी, अशी त्याची इच्छा होती. अटी दोन: गावाला आपलं नाव द्यावं, आणि गाव मॅसॅच्युसेट्समध्येच राहावं. गाव विल्यम्सटाउन झालं, शाळा मात्र 1791 मध्ये उघडली. विश्वस्तांची महत्त्वाकांक्षा शाळेवर थांबेना. 1793 मध्ये त्यांनी कॉलेजची सनद मिळवली आणि येलचे पदवीधर एबेनेझर फिच यांना अध्यक्ष केलं. वळणही येलचंच: लॅटिन-ग्रीकचा अभ्यास आणि काँग्रिगेशनल पंथाची प्रार्थना.

ऑगस्ट 1806 मध्ये याच विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी गावाबाहेरच्या कुरणाकडे प्रार्थनेला गेले. वादळी पावसाने गाठलं, तेव्हा ते गवताच्या गंजीच्या आडोशाला बसले. बोलणं आशियावर आलं. सॅम्युएल मिल्सने तिकडे धर्मप्रसारक पाठवायची कल्पना मांडली आणि तिथेच प्रार्थना झाली. एवढ्यावर थांबलं असतं, तर ही पोरांची एक पावसाळी दुपार ठरली असती. मिल्स मात्र संघटना बांधणारा माणूस होता. 1808 मध्ये त्याने आणि सोबत्यांनी ‘ब्रदरन’ नावाचं गुप्त मंडळ काढलं. लोक वेड्यात काढतील म्हणून त्याची घटना सांकेतिक लिपीत लिहिली. पुढे ही मंडळी अँडोव्हरच्या धर्मशिक्षण विद्यालयात गेली आणि त्यांच्या आग्रहातून 1810 मध्ये ‘अमेरिकन बोर्ड’ ही मिशनसंस्था उभी राहिली.

बोर्डाच्या पहिल्या तुकडीत गॉर्डन हॉल होता. तोही विल्यम्सचाच, 1808 चा पदवीधर. सॅम्युएल नॉटबरोबर तो कोलकात्याला उतरला, तर ईस्ट इंडिया कंपनीने परत जायचा हुकूम दिला. त्यात अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात युद्ध पेटलेलं. हुकूम डावलून दोघे फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईला पोहोचले. तिथेही हद्दपारी आली, तेव्हा कोचीनपर्यंत पळाले आणि धरून परत आणले गेले. अखेर राहायची परवानगी मिळाली आणि अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं. हॉल मराठी शिकला, बायबलच्या भाषांतराला लागला आणि 1826 मध्ये नाशिककडच्या दौऱ्यावर असताना पटकीने गेला.

विल्यम्सटाउनला त्या कुरणात 1867 मध्ये संगमरवरी स्तंभ उभारला गेला. त्याच्या माथ्यावर पृथ्वीचा गोल आहे आणि खाली गंजीजवळच्या पाचांची नावं. गंजी अर्थातच केव्हाच गुरांच्या पोटात गेली होती. त्या पाचांपैकी मुंबईला कोणीच आला नाही. जेम्स रिचर्ड्स सिलोनला गेला. खुद्द मिल्स 1818 मध्ये आफ्रिकेहून परतताना समुद्रात वारला. मराठी मुलखाशी नातं जोडणारा हॉल त्या दुपारी गंजीजवळ नव्हता, म्हणून दगडावरच्या नावांतही नाही.

मिशनला हवे होते ख्रिस्ती झालेले लोक. ते थोडेच मिळाले. मिशनचा खरा पसारा वाढला तो शाळांचा आणि छपाईचा. 1824 मध्ये मिशनने मुंबईत मुलींची शाळा काढली. 1842 मध्ये अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघू लागलं. त्याच नगरात मिशनच्या सिंथिया फॅरार बाईंकडे सावित्रीबाई फुले अध्यापनाचे धडे घ्यायला गेल्या. मिशनच्या मुंबईतल्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम देवनागरी खिळे घडवत असे, आणि त्याच्या हाताखाली जावजी दादाजी हे कसब शिकले. 1869 मध्ये जावजींनी स्वतःचा निर्णयसागर छापखाना काढला आणि त्या सुबक टायपात काव्य, शास्त्रं, पोथ्या असे संस्कृत ग्रंथ घरोघर पोहोचवले.

कर्नलला शाळा हवी होती, झालं कॉलेज. कॉलेजातल्या पोरांना आशिया ख्रिस्ती करायचा होता. त्यांच्या मिशनच्या छापखान्यात तयार झालेल्या हातांनी हिंदूंच्या पोथ्या छापल्या. संस्था काढणाऱ्याचा हेतू सनदेत सापडतो, तिचं कर्तृत्व मात्र पुढच्या माणसांनी तिचा कसा उपयोग केला त्यावर ठरतं.