शब्दवेध : वॉल

नळाला पाणी कधी येणार, हे आष्टीकडे वॉलमनला विचारावं. बीड जिल्ह्यातल्या या दुष्काळी तालुक्यात 'वॉल सोडला' या दोन शब्दांना फार मोल आहे.

वॉल म्हणजे इंग्रजी 'व्हॉल्व्ह'. शब्द आला लॅटिन 'वाल्वा'वरून. अर्थ, दुमडत्या दाराचं एक पान. इंग्रजीत तो आधी दारापुरताच होता. सतराव्या शतकात शरीररचना सांगणाऱ्यांनी तो आतल्या पडद्यांना लावला, मग तो यंत्रांत शिरला. भाषाभ्यासक त्याचं मूळ 'फिरणे, वळणे' या अर्थाच्या धातूत शोधतात. संस्कृत 'वल्' त्याच घराण्यातला मानतात, म्हणजे आपलं 'वळण' वॉलचं दूरचं भावंड. मराठीने हृदयासाठी 'झडप' निवडली. खिडकीलाही झडपच असते. इतका नेमका प्रतिशब्द क्वचित सापडतो.

नळजोडणीत मात्र झडप रुजली नाही. तिथे गेट वॉल, बॉल वॉल, बटरफ्लाय वॉल. गेट वॉल पूर्ण उघडायचा किंवा पूर्ण बंद करायचा. अर्धवट ठेवला तर पाण्याच्या माऱ्याने आतल्या पात्याची कड झिजते. कारखान्यात प्रवाह कमी-जास्त करायला ग्लोब वॉल असतो. बॉल वॉलमधला आरपार भोकाचा गोळा पाव फेऱ्यात बंद होतो, म्हणून ठिबकवाल्यांना तो सोयीचा.

विहिरीत सोडलेल्या पाइपच्या तळाशी फूट वॉल बसतो. मोटार थांबली तरी तो पाइपातलं पाणी धरून ठेवतो. शेतकऱ्यांनी त्याचा 'फुटबॉल' केला, आणि मला तो मनापासून आवडतो. मोटारीच्या दुकानात 'अडीच इंची फुटबॉल' मागा, दुकानदार थेट फूट वॉलच काढून देतो.