दुखणे अंगावर काढावे किती?

आपल्या मराठीत ‘दुखणे अंगावर काढणे’ असा एक मोठा बोलका वाक्प्रचार आहे. आम्हां बीडकडच्या लोकांत तर ती वहिवाटच! ताप अंगावर काढावा, कंबर अंगावर काढावी, आणि अगदीच उठवेना तेव्हा ‘कारखान्यावरून आल्यावर पाहू’ म्हणावे. परंतु काही दुखणी खरोखरच अंगावर काढण्याजोगी असतात आणि काही मुळीच नसतात. हा फरक शिकविणारे एक दुखणे माझ्याच मानेत मुक्कामाला आहे. त्याचे नाव कियारी. इंग्रजी स्पेलिंगाला भुलून कुणी चिआरीही म्हणतात. मुलांना इतिहास शिकविणे हा माझा पोटाचा धंदा आणि कादंबऱ्या लिहिणे ही खोड. तेव्हा या पाहुण्याची कुळकथा शोधल्यावाचून मला चैन कसे पडावे?

कवटीच्या तळाशी एक मोठे छिद्र असते. तेथून मज्जारज्जू पाठीच्या कण्यात उतरतो. मागच्या बाजूला असलेल्या लहान मेंदूची दोन टोके (डॉक्टर त्यांनाही टॉन्सिलच म्हणतात) काही माणसांत या छिद्रातून खाली डोकावतात. ती साधारण पाच मिलिमीटर किंवा अधिक उतरली, की कियारी म्हणायचे. छिद्रात अशी दाटी झाली, की मेंदूभोवतीच्या पाण्याची ये-जा अडते. मग खोकताना, शिंकताना, खळखळून हसतानासुद्धा डोक्याच्या मागे सणकन कळ जाते.

ग्लासगोच्या जॉन क्लेलंड यांनी १८८३ साली अशा एका विकृतीचे वर्णन केले होते. पण नाव चालले ते हान्स कियारी यांचे. ते व्हिएन्नाचे, प्रागला शवविच्छेदन करून रोगांची कारणे शोधीत. १८९१ साली त्यांनी या विकृतीचे प्रकार वर्णिले. त्यांतल्या पहिल्या प्रकाराचे उदाहरण म्हणजे सतरा वर्षांची एक मुलगी. ती वारली विषमज्वराने! डोक्यात पाणी साचलेले होते, लहान मेंदूची टोके खाली उतरलेली होती. पण त्या उतरण्याचा म्हणावा असा त्रास तिला जिवंतपणी झालेला नव्हता. वाचकहो, या दुखण्याच्या इतिहासातले हे पहिलेच पान मला फार मोलाचे वाटते. विकृती असणे निराळे आणि आजार असणे निराळे, हे ती अनाम मुलगी सांगून गेली.

पण याच इतिहासाला दुसरी बाजू आहे. त्याच १८८३ साली फ्रान्समधल्या मोर्वां नावाच्या डॉक्टरांनी काही रोग्यांची नोंद केली. त्यांच्या बोटांना जखमा होत, पू होई, आणि दुखत मात्र नसे. अडलेल्या पाण्यामुळे मज्जारज्जूत पोकळी तयार झाली, तर असे होऊ शकते. तिला सिरिंक्स म्हणतात. मूळ ग्रीक अर्थ पावा. हाताला स्पर्श कळतो, पण चटका कळत नाही. भाकरी भाजताना बोट पोळावे आणि फोड दिसेपर्यंत पत्ता लागू नये! त्या काळी युरोपातले काही वैद्य यालाच कुष्ठरोग समजत. आपल्याकडे अजूनही बधिर हात दिसला, की शेजारपाजार आधी तीच शंका घेतो आणि बाई हात पदराखाली लपविते. कुष्ठरोग असला तरी तो औषधाने बरा होतो, आणि नसला तर खरे कारण शोधायला हवे. लपविणे दोन्हीकडून घातकच.

पूर्वी हे निदान जिवंतपणी होणे कठीण होते. एम.आर.आय. आल्यापासून ते सोपे झाले. त्या शोधासाठी लॉटरबर आणि मॅन्सफील्ड यांना २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. उपचाराची रूढ शस्त्रक्रिया म्हणजे छिद्राच्या कडेचे थोडे हाड काढून जागा मोकळी करणे. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील अतुल गोयल यांनी २०१५ साली ६५ रुग्णांचा अनुभव मांडून निराळेच मत दिले: मूळ दोष मानेच्या पहिल्या दोन मणक्यांच्या अस्थिरतेत आहे, ते मणके जखडावेत. सगळ्या सर्जनांना हे मान्य नाही. मोठमोठ्यांत मतभेद असताना घाईने सुरीखाली जाऊ नये, एवढे आपण त्यातून घ्यावे.

घाईची किंमत आमच्या जिल्ह्याने मोजलेलीच आहे. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आले, की पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. जिथे नको तिथे सुरी, आणि जिथे हवी तिथे ‘हंगाम संपू द्या’! दसरा-दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन गेलेला कोयता उन्हाळ्यापर्यंत परतत नाही. तोवर डोक्यावर मोळ्या आहेतच.

म्हणून मी एक साधा हिशेब ठेवला आहे. खोकल्यासरशी मागच्या डोक्यात कळ येते, ती डॉक्टरांना सवडीने दाखविलेली आहे. बाकी तक्रार नाही, म्हणून शस्त्रक्रियाही नाही, फक्त वेळोवेळी तपासणी. पण हात बधिर झाला, मूठ सैल पडली, चाल झोकांडू लागली, घास अडकू लागला, आवाज बदलला, लघवीवर ताबा राहिना, झोपेत श्वास थांबू लागला किंवा लहान मुलाचा कणा वाकू लागला, तर हंगाम पाहायचा नाही. आणि श्वास घेणे जड झाले किंवा हातपाय एकाएकी लुळे पडले, तर रात्र उजाडण्याचीही वाट पाहायची नाही.

मुकुंदराजांच्या अंबाजोगाईत १९७४ साली ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले. आज ते स्वामी रामानंद तीर्थांचे नाव मिरविते. पहिली पायरी तिथे किंवा बीडच्या जिल्हा रुग्णालयात चढावी, पुढची वाट तिथले डॉक्टर दाखवितील. यंदा लाडू वळताना, ज्यांनी त्या साखरेचा ऊस तोडला त्यांच्यापैकी कुणी हात बधिर झाल्याचे सांगितले, तर ‘होईल बरे’ म्हणू नका. दवाखान्यापर्यंत सोबत जा.