बंदुका मोजायच्या कुणी?

पाथरी आज परभणी जिल्ह्यातला एक तालुका आहे. १९४८ साली तो निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा करताना आपण मुलांना पाच दिवसांच्या पोलीस कारवाईची हकीकत सांगतो. तिच्याआधी कित्येक महिने वाटाघाटी चालल्या होत्या, हे मात्र सांगायचे राहून जाते. त्यांत एक प्रश्न पुनःपुन्हा येई : संस्थानात हत्यारे किती असावीत आणि कुणाच्या हाती?

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत व हैदराबाद यांच्यात एक वर्षासाठी ‘जैसे थे’ करार झाला. लवकरच तक्रारी सुरू झाल्या. भारत आपल्या फौजेला शस्त्रे पुरवत नाही, असे हैदराबादचे म्हणणे. कासिम रझवींच्या रझाकारांना आवरा, ही भारताची मागणी. जून १९४८ मध्ये माउंटबॅटन आणि निजामाचे सल्लागार वॉल्टर माँक्टन यांच्या खटपटीने नवा मसुदा तयार झाला. संस्थानी फौज २० हजारांपुढे जाऊ नये, रझाकार संघटना मोडीत काढावी, अशी कलमे त्यात होती. निजामाने तो नाकारला.

त्याच सुमारास सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमाने भरभरून शस्त्रे हैदराबादेत उतरवत होता. पुढे ब्रिटनमध्ये त्याच्यावर खटला झाला. शिक्षा झाली २०० पौंड दंडाची! चर्चेला दोन सरकारे बसली होती; शस्त्रे विकणारा आणि वाहून आणणारा त्या खोलीत नव्हताच.

ही फट जगाला आधीच दिसली होती. १९२५ साली जिनिव्हात एक करार झाला. शस्त्रांची निर्यात परवान्यानेच व्हावी आणि तिचे आकडे प्रसिद्ध व्हावेत, असे त्यात ठरले. शस्त्रे न बनवणाऱ्या लहान देशांनी विचारले : आमची खरेदी जगजाहीर, मग तुमचे उत्पादन गुप्त का? पुरेशा देशांची मान्यता न मिळाल्याने तो करार कधीच अमलात आला नाही. त्याच परिषदेतला विषारी वायूंवरील बंदीचा करार मात्र टिकला.

पुढचा मोठा टप्पा २००१ चा. त्या वर्षी संयुक्त राष्ट्रांत लहान शस्त्रांच्या चोरट्या व्यापाराविरुद्ध कृतिकार्यक्रम ठरला. २००५ साली प्रत्येक हत्यारावर ओळखक्रमांक ठोकण्याचे आणि त्यावरून माग काढण्याचे नियम आले. येथे विज्ञान मदतीला येते. ठसा मारताना अक्षराखालचा धातूही दबतो. क्रमांक कानशीने घासून टाकला, तरी आम्ल लावल्यावर दबलेला भाग वेगळ्या वेगाने झिजतो आणि आकडे पुन्हा उमटू शकतात.

२ एप्रिल २०१३ रोजी शस्त्रव्यापार करार १५४ विरुद्ध ३ मतांनी संमत झाला. २३ देश तटस्थ राहिले. त्यांत भारत होता. विकणारे आणि घेणारे यांच्यावरची बंधने समतोल नाहीत, दहशतवाद्यांच्या हाती जाणाऱ्या शस्त्रांबाबत करार कमकुवत आहे, असे आपले म्हणणे होते. १९२५ चाच वाद नव्या रूपात पुढे आला होता.

हा विषय वर्गात घेताना मुलांचे तीन गट करावेत : बनवणारे, घेणारे आणि ज्यांच्या गावात ही हत्यारे पोचतात ते. तिघांनाही मान्य होईल असे एकच कलम त्यांना लिहायला सांगावे. वाटाघाटींना वर्षे का लागतात, हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.