एका गुणाचे अंतर

नर्मदेच्या उत्तरेस, धार जिल्ह्यात निसरपूर वसले आहे. सरदार सरोवराच्या पाण्याने २०१९ साली जुन्या गावाचा मोठा भाग गिळला. धार व देवास येथे पवारांनी आणि महेश्वरी होळकरांनी राज्य केले, त्यामुळे या निमाड-माळव्याशी मराठी माणसाचा ऋणानुबंध जुना आहे. याच निमाडात, नदीपलीकडील खरगोन जिल्ह्यातल्या रतनपूर गावी, शेतकरी कुटुंबात ३ फेब्रुवारी २००१ रोजी ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर यांचा जन्म झाला.

भोपाळच्या राज्य नेमबाजी अकादमीत त्यांनी रायफलीचे शिक्षण घेतले. पन्नास मीटर अंतरावरील लक्ष्यावर गुडघा टेकून, पालथे पडून आणि उभे राहून नेम धरावयाचा, हा त्यांचा प्रकार. लक्ष्याच्या मध्यातील दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम सेंटिमीटरभर रुंदीचे. द्रोणाचार्यांसमोर अर्जुनास पक्ष्याचा डोळा एकदा वेधावयाचा होता. येथे प्राथमिक फेरीतच प्रत्येक स्थितीत वीस, असे साठ वेध घ्यावे लागतात. श्वास रोखून, हृदयाच्या दोन ठोक्यांमधील निश्चल क्षण साधण्याची ही विद्या योगाभ्यासाहून फार दूरची नव्हे.

मार्च २०२१ मध्ये दिल्लीच्या विश्वचषकात ऐश्वर्य यांनी ४६२.५ गुणांसह सुवर्णपदक मिळविले. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये मात्र ते एकविसावे आले. पण त्याच वर्षी लिमा येथे ते कनिष्ठ गटातील जगज्जेते ठरले.

पुढे त्यांच्या जीवनाचा धागा कोल्हापूरशी जुळला. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे आणि ऐश्वर्य हे सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझौच्या आशियाई क्रीडास्पर्धेत एका संघात होते. दोघांचे गुण सारखेच, ५९१. अखिल शेरॉन यांचे ५८७ मिळून एकूण १७६९ झाले आणि संघाने विश्वविक्रमासह सुवर्ण जिंकले. वैयक्तिक अंतिम फेरीत स्वप्नील आघाडीवर होते. परंतु त्यांची एक गोळी ७.६ गुणांवर गेली आणि ते चौथे राहिले. ऐश्वर्य यांना रौप्य मिळाले.

दैवाने पुढील वर्षी पारडे फिरविले. पॅरिस येथे प्राथमिक फेरीत स्वप्नील ५९० गुणांसह सातवे आले. ऐश्वर्य ५८९ गुणांसह अकरावे. अंतिम फेरी आठांचीच. १ ऑगस्ट २०२४ रोजी स्वप्नील यांनी ४५१.४ गुणांनी कांस्यपदक पटकाविले. १९५२ साली हेलसिंकी येथे खाशाबा जाधवांनी मिळविलेल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचे ऑलिंपिकमधील हे पहिले वैयक्तिक पदक होय. त्याचा उत्सव आम्ही सर्वांनी केला, आणि तो योग्यच होता.

परंतु साठ गोळ्यांत एका गुणाने मागे राहिलेल्या निमाडच्या तरुणाचे नाव त्या दिवशी किती मुखांवर होते? विजयादशमीस आम्ही शस्त्रांची पूजा करतो. त्या पूजेत शस्त्राचा मान असतो, तसाच ते धरणाऱ्या हाताच्या वर्षानुवर्षांच्या साधनेचाही असावयास हवा. फळ आपल्या हाती नाही, असे गीतेच्या आधारे आम्ही नित्य सांगतो. मग फळ हुकलेल्या साधकाचा गौरव करण्यात आमचा हात आखडता का असावा? हांगझौस दोघांचे गुण एकच होते आणि पॅरिसला त्यांत एकाचेच अंतर होते. त्या एका गुणावरून एकास स्मरणात ठेवावे व दुसऱ्यास विसरावे, हा न्याय आम्हांस मान्य नाही.