नुकसानभरपाईचे धनी : गुलामगिरीचे उच्चाटन आणि राष्ट्रांचे उत्तरदायित्व

गुलामगिरीबद्दल राष्ट्रांचे ऐतिहासिक उत्तरदायित्व कितपत मानावयाचे, या प्रश्नाची चर्चा बहुधा नीतिशास्त्राच्या अंगाने होते. तीत तीन आक्षेप वारंवार पुढे येतात : झालेल्या हानीचे मोल ठरविणे अशक्य आहे, एका पिढीचे ऋण दुसरीने फेडणे न्याय्य नव्हे, आणि आजच्या नीतिकल्पना भूतकाळावर लादता येत नाहीत. प्रस्तुत लेखात या आक्षेपांचा विचार एकोणिसाव्या शतकातील सरकारी जमाखर्चाच्या आधारे करावयाचा आहे. गुलामगिरी नष्ट करताना युरोपीय राष्ट्रांनी भरपाई दिलीच होती. ती कोणाच्या पदरात पडली, हा खरा प्रश्न आहे.

ब्रिटिश पार्लमेंटने १८३३ साली संमत केलेला कायदा १ ऑगस्ट १८३४ रोजी अंमलात आला. मुक्त व्हावयाच्या सुमारे ८ लाख माणसांच्या मालकांना त्यान्वये २ कोटी पौंड देण्याचे ठरले. ही रक्कम तत्कालीन सरकारच्या वार्षिक खर्चाच्या सुमारे ४० टक्के होती. वाटपासाठी आयुक्त नेमण्यात आले. प्रत्येक वसाहतीतील गुलामांची शेतमजूर, कारागीर, घरकामाची माणसे, लहान मुले, वृद्ध अशी वर्गवारी करून प्रत्येक वर्गाचा दर ठरविण्यात आला. मुक्त झालेल्यांना मात्र काहीच मिळाले नाही. उलट ‘उमेदवारी’च्या नावाखाली त्यांना पूर्वीच्याच मालकाकडे बहुतांशी बिनवेतन राबावे लागले, ही पद्धती वेस्ट इंडीजमध्ये १८३८ साली संपली. हानीचे मोल ठरविता येत नाही, हा आक्षेप येथे टिकत नाही. मोल ठरविले गेले होते; परंतु हानी मालकाची मानली गेली.

दुसऱ्या आक्षेपाचे उत्तरही याच व्यवहारात आहे. या रकमेपैकी दीड कोटी पौंड १८३५ साली नेथन रॉथ्सचाइल्ड व मोझेस माँटेफिओरी यांच्यामार्फत कर्जाऊ उभारण्यात आले. ब्रिटिश अर्थखात्याच्या निवेदनानुसार या ऋणाची अखेरची फेड २०१५ साली झाली. म्हणजे ज्यांचे पूर्वज गुलाम होते, अशा ब्रिटिश नागरिकांच्या करांतूनही मालकांच्या भरपाईचा काही अंश फेडला गेला. राज्यसंस्था पिढ्यांच्या पलीकडे टिकते आणि तिची वचने पुढील पिढ्यांवर बंधनकारक असतात, हे तत्त्व धनकोच्या बाबतीत निर्विवाद मानले गेले. तेच तत्त्व पीडिताच्या बाबतीत शंकास्पद का ठरावे?

आता तिसरा आक्षेप. भरपाई प्रथम गुलामाला मिळावयास हवी, हा विचार आजचा नव्हे. एलिझाबेथ हेरिक या विदुषीने १८२४ सालीच आपल्या पुस्तिकेत तो स्पष्टपणे मांडला होता. मालकांना रक्कम दिल्याखेरीज कायदा संमत होणे कठीण होते, हे खरे. वेस्ट इंडीजमधील मळेवाल्यांचे पार्लमेंटमधील वजन लक्षात घेता हा युक्तिवाद उपेक्षणीय नाही. परंतु राजकीय निकड एखाद्या निर्णयाचे कारण सांगते. त्यातून उरलेले देणे ती फेडीत नाही.

इतर राष्ट्रांचा व्यवहार याहून फारसा निराळा नव्हता. नेदरलँड्सने १८६३ साली सुरीनाममधील मालकांना दर गुलामामागे ३०० गिल्डर दिले आणि मुक्त झालेल्यांना आणखी १० वर्षे सरकारी देखरेखीखाली करारबद्ध काम करावयास लावले. हैतीत तर भरपाईचा बोजा मुक्त झालेल्यांवरच पडला. १८०४ साली स्वतंत्र झालेल्या या देशाकडे दहाव्या चार्ल्सने १७ एप्रिल १८२५ च्या राजाज्ञेने १५ कोटी फ्रँक मागितले. आज्ञेमागे युद्धनौकांचा धाक होता. १८३८ साली ही मागणी एकूण ९ कोटींवर आली. पहिला हप्ता भरण्यासाठी हैतीला पॅरिसमधील पेढ्यांकडूनच कर्ज काढावे लागले.

अलीकडील काळातील कबुलीजबाब या पार्श्वभूमीवर तपासले पाहिजेत. फ्रान्सने २१ मे २००१ च्या कायद्याने गुलामगिरी व गुलामांचा व्यापार हे मानवतेविरुद्धचे गुन्हे मानले. पण मूळ मसुद्यातील भरपाईविषयक तरतूद वगळली गेली. हैतीच्या ऋणाच्या अभ्यासासाठी दोन्ही देशांच्या इतिहासकारांचा संयुक्त आयोग नेमण्याची घोषणा एप्रिल २०२५ मध्ये, राजाज्ञेच्या द्विशताब्दीस, झाली. डच पंतप्रधानांनी १९ डिसेंबर २०२२ रोजी आणि राजांनी १ जुलै २०२३ रोजी क्षमायाचना केली. जाणीवजागृतीसाठी २० कोटी युरोंचा निधी जाहीर झाला, मात्र वंशजांना व्यक्तिशः भरपाई देण्यात आली नाही.

या पुनर्विचारास चालना देण्यात अभिलेखांचा वाटा मोठा आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी २००९ पासून भरपाई-आयुक्तांच्या दप्तराची छाननी करून ४० हजारांहून अधिक दाव्यांची माहिती २०१३ साली खुली केली. पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या वडिलांना मिळालेली लाख पौंडांहून अधिक रक्कम तीत आहे, तशाच विधवांच्या आणि धर्मोपदेशकांच्या लहानसहान रकमाही आहेत. मालकांची सोय म्हणून लिहिलेल्या वह्या अशा रीतीने त्यांच्याविरुद्धचा पुरावा ठरल्या.

भारतीय अभ्यासकाने येथे आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. १८३३ च्या कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळलेला होता. पुढे १८४३ च्या पाचव्या कायद्याने गुलामावरील मालकी हक्कास न्यायालयात मान्यता मिळेनाशी झाली. पण भरपाई कोणालाच नसल्याने दावे दाखल झाले नाहीत आणि लंडनसारखी नामवार नोंदही तयार झाली नाही. पेशवे दप्तरातील कागदांत कुणबिणी व बटकी यांच्या खरेदीविक्रीचे उल्लेख विखुरलेले आहेत. ब्रिटन वा फ्रान्स यांच्या उत्तरदायित्वाची चिकित्सा करताना हे उल्लेख एकत्र आणून त्यांचा हिशेब मांडणे, हे मराठी संशोधकांकडे आलेले काम आहे. दुसऱ्यांच्या वह्या तपासणाऱ्याने स्वतःचे दप्तर बांधून ठेवणे इतिहासाच्या शिस्तीत बसत नाही.